मांजराच्या दाराला बोळा

ऑकलंडच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत गुळाची एक ढेप होती आणि ती मी लपवणार नव्हतो. माझा मुलगा सुहास फोनवर सांगून सांगून थकला होता, की अण्णा, खायचं काही आणू नका, आणलंच तर कागदावर लिहून द्या, तिकडं फार कडक असतं. मी हयातभर गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून रस आटवायच्या काहिलीपुढं उभा राहिलो. आपल्या हातचा गूळ चोरासारखा पिशवीच्या तळाला घालून नेणं मला जमणार नव्हतं. विमानात शेजारी नाशिकची एक मुलगी होती. तिच्याकडून कागद भरून घेतला आणि गूळ असं ठळक लिहायला लावलं.

तपासणीच्या बाईनं ढेप हातात घेतली, वास घेतला, काहीतरी विचारलं. मी म्हटलं, गूळ, मी केलेला. ती हसली आणि ढेप परत दिली. मग तिनं माझ्या पायांकडं बोट दाखवलं. वहाणांना आमच्या शिवारातली माती होती, ती त्यांच्या देशात चालत नाही. वहाणा काढून घेतल्या, आत नेल्या आणि धुऊन पुसून आणून दिल्या. माझ्या लग्नातसुद्धा माझ्या वहाणा कोणी धुतल्या नव्हत्या. त्या देशाबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं.

मी चौथी शिकलेला माणूस. प्रवासाचं वर्णन वगैरे लिहिणं हे माझं काम नव्हे. पण परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय बघितलं, काय खाल्लं, थंडी किती होती. प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढतोय. आणि खरं सांगायचं तर जे घडलं त्याचा शेवट नीट झाला म्हणून लिहितोय. तसा झाला नसता तर मी न्यूझीलंडचं नाव कोणाला काढू दिलं नसतं.

सुहास राहतो त्या भागाला माउंट रॉस्किल म्हणतात. माउंट म्हणजे डोंगर, पण जोतिबाचा डोंगर बघितलेल्या माणसानं त्याला टेकडीच म्हणावं. हिरवं गवत, चढायला सोपी. पूर्वी ती ज्वालामुखी होती म्हणे. आता तिच्यावर लोक कुत्री फिरवतात. खाली लाकडी घरांच्या ओळी, प्रत्येक घराला पुढं-मागं थोडी जागा, आणि माणसं सगळ्या जगाची. या घरात सामोआ बेटावरची, त्या घरात चिनी, पलीकडं फिजीतून आलेले, समोर सोमालियाचे. कोणाचं बोलणं कोणाला पुरतं कळत नाही, म्हणून भांडणंही होत नसावीत.

आपल्याकडं आखाड चालू होता आणि तिकडं हिवाळा. घर भाड्याचं, भिंती लाकडाच्या, आणि थंडी बाहेर जेवढी तेवढीच आत. सुहास म्हणायचा, "अण्णा, हीटर ऑन ठेवा, पॉवर बिलाचं मी बघतो." मी ठेवायचो नाही. अंगावर दोन स्वेटर घालून बसायचो. हट्ट म्हणा.

घरात सुहास, माझी सून प्रणाली आणि नात रेवा. सुहास रस्त्यांच्या कामाचा इंजिनिअर. प्रणाली पुण्याची, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. रेवा नऊ वर्षांची, जन्म तिकडचाच. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी विचारायचो मराठीत, ती सांगायची इंग्रजीत, आणि प्रणाली जवळ नसली की आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचो.

शिवाय एक मांजर. कबरी, काळ्या-पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची, नाव बिस्किट. रेवाच्या जन्माआधी आणलेली, म्हणजे मांजरांच्या हिशेबात माझ्याच वयाची. मागच्या दाराला खाली एक झुलतं झाकण होतं, त्यातून ती डोक्यानं ढकलून आत-बाहेर करायची. माणसाच्या दारात मांजराला वेगळं दार, हे मी पहिल्यांदा बघितलं. त्या झाकणातून वारा यायचा तो थेट माझ्या घोट्यांना लागायचा. मी सुहासला म्हटलं, हे बंद कर. तो म्हणाला, अण्णा, ते तिचं आहे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रेवा शाळेत गेली होती आणि तिची पुस्तकं सोफ्यावर पडली होती. चित्रांची पुस्तकं, वाचनालयातून पिशवी भरून आणलेली. एक उघडलं. तर आत कोल्हा दोन पायांवर उभा, त्याच्या अंगात झगा. पोट सुटलेला एक प्राणी डोक्यावर पान ठेवून बसलेला. आणि एक कबरी मांजर कंबरेला फडकं बांधून किटलीतून चहा ओततेय. म्हटलं, पोरीच्या हातात हे भुताखेताचं काय दिलंय. प्रणालीला विचारलं. ती हसली. म्हणाली, जपानची चित्रकथा आहे, तिला मांगा म्हणतात. त्यांच्याकडं जुन्या गोष्टींत जनावरांचे आत्मे असतात, त्यांना योकाई (आपल्याकडं वेताळ-म्हसोबा असतात तसे, पण एवढे कडक नव्हेत) म्हणायचं. अण्णा, भीतीचं काही नाही, उलट पोरं वाचून शांत झोपतात.

इंग्रजी मला येत नाही, पण चित्रं बघायला शाळा लागत नाही. दुपारभर बसून मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितलं. एक म्हातारी रडत डोंगर उतरते. मग ती चहाच्या दुकानात बसलेली दिसते. मग दुकानाकडं चढत येते. आणि अगदी शेवटी ती लहान मुलगी झालेली, मांडीवर मांजराचं पिल्लू. मला गोष्ट फार आवडली. रेवा शाळेतून आली तशी मी तिला सांगितली, की म्हातारी रडत रडत निघते, मांजर तिला चहा पाजते, आणि त्या चहानं ती लहान होते.

रेवानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूनं उघडलं. जपानी पुस्तक म्हणे उजवीकडून सुरू होतं. मी अख्खी गोष्ट शेवटाकडून आरंभाकडं वाचली होती. ती एवढी हसली की सोफ्यावरून खाली घसरली. मी म्हटलं, हसायला काय झालं, माझी गोष्टच चांगली आहे, त्यात म्हातारीचं दुःख तरी जातं. ती म्हणाली, "नो आजोबा. ती आधीपासून सॅड नाहीये. ती विसरलेली असते. चहा पिऊन तिला आठवतं, म्हणून ती रडते."

माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं मराठी.

त्यानंतर रोज शाळा सुटली की आम्ही वाचायला बसायचो. ती इंग्रजी वाचायची आणि अर्ध्या-मुर्ध्या मराठीत सांगायची. शब्द अडला की माझ्याकडं बघायची, मी द्यायचो. किटली, खिंड, मिशा, उंबरा. त्या खिंडीतल्या चहाच्या दुकानात वाट चुकलेली माणसं येत. प्रत्येकाचं कधीतरी एखादं जनावर होतं. कोणी विसरलेलं, कोणी घर बदलताना मागं टाकलेलं. ते जनावर आता दुकानात असायचं, पण रागावलेलं नसायचं. चहा द्यायचं, वाट दाखवायचं. मी रेवाला म्हणायचो, हे काही मला पटत नाही. आमच्या म्हशीला एकदा काठी मारली तर ती वर्षभर ध्यानात ठेवते. रेवा म्हणायची, म्हैस योकाई नाहीये. मी म्हणायचो, तू आमची म्हैस बघितली नाहीस. असे आमचे वाद चालायचे आणि त्यात थंडी कमी वाटायची.

जुलैत त्यांना मातारिकीची सुट्टी होती. मातारिकी म्हणजे माओरी लोकांचं नवं वर्ष. पहाटे कृत्तिकांचा पुंजका दिसला की ते सुरू होतं. कृत्तिका म्हटल्यावर मला परकं वाटलं नाही. सुट्टीला जोडून टौरंगाला जायचं ठरलं. तिथं सुहासचा कॉलेजातला मित्र मंगेश राहतो. शेजारच्या लिंडाबाई दुसऱ्या दिवशी येऊन मांजराचं खाणं बघणार होत्या, पहिल्या दिवसाचं घरातच भरून ठेवलं होतं.

निघायच्या सकाळी सगळे गाडीत बसले. मी म्हटलं, थांबा, मी घर बघून येतो. आमच्याकडं मुक्कामाला बाहेर जायचं म्हणजे शेवटी घरातलं मोठं माणूस एक चक्कर मारतं. कड्या बघतं, चुलीत विस्तव आहे का बघतं, आणि मोरीच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा घालून वर दगड ठेवतं. नाहीतर त्यातून साप येतो, उंदीर-घुशी येतात. मी खिडक्या बघितल्या, गॅस बघितला. मागच्या दाराचं ते झाकण वाऱ्यानं हलत होतं. मांजर कुठं दिसली नाही. मी गोणपाटाचा बोळा केला, झाकणाच्या चौकटीत गच्च ठासला आणि बाहेरून वीट लावली. हलवून बघितलं. पक्कं बसलं होतं. समाधानानं गाडीत येऊन बसलो.

टौरंगापर्यंतचा रस्ता बघण्यासारखा आहे. हिरव्या टेकड्या, त्यांवर गायी आणि मेंढ्या, आणि राखायला माणूस कुठंच नाही. पुढं मग किवी फळांच्या बागा. बाग दिसत नाही, तिच्याभोवती ताडमाड उंच झाडांचं कुंपण दिसतं, वारा अडवायला. आतल्या वेलींची पानं हिवाळ्यात झडलेली. पंजाबी पोरं पावसात टोप्या घालून वेली छाटत होती. मी काच खाली करून हात केला, एकानं कात्रीसकट हात वर केला. बंदरावर लाकडाचे ओंडके असे रचलेले, की आमच्या गुऱ्हाळाला पन्नास पिढ्या जळण पुरेल. समुद्राकाठी एकच डोंगर उभा, त्याच्या पायथ्याशी लाटा. पाऊस आला, मंगेशनं जॅकेट दिलं, मी घातलं नाही, भिजलो. थंडगार वाळूत लोक जँडल्स (रबरी स्लिपर) घालून आरामात हिंडत होते. तिथं चिवटपणात मला जोड सापडली.

संध्याकाळी मंगेशच्या घरी जेवायला बसलो. त्याच्या बायकोनं भाकरी आणि भरली वांगी केली होती. मन भरून आलं. मंगेश म्हणाला, अण्णा, घर सोडून आलात, तुम्हाला तिकडची काळजी लागली असेल. मी म्हटलं, कसली काळजी, निघताना मी सगळं बंद करून आलोय, त्या दाराच्या भोकालासुद्धा बोळा घालून वीट लावलीय, मुंगी शिरणार नाही.

रेवानं चमचा खाली ठेवला.

"बिस्किटचं दार?" ती म्हणाली.

मंगेशची बायको वाढता वाढता थांबली. सुहासनं उठून लिंडाबाईंना फोन लावला. बाई किल्ली घेऊन गेल्या. घरात मांजर नव्हती. वाटीतलं खाणं तसंच होतं. मागच्या दारापाशी चिखलात पावलं होती आणि बोळा नखांनी ओरबाडलेला होता. ऑकलंडला दिवसभर पाऊस होता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघू. सुहास म्हणाला, अण्णा, घाट आहे, पाऊस आहे, उजाडू दे. तो रागानं बोलला नाही. त्यानं रागवायला हवं होतं. मला ताटावरून उठवेना आणि खाववेना. रेवा आईच्या कुशीत तोंड घालून बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, आणि रडतही नव्हती.

कृत्तिका बघायला पहाटे समुद्रावर जायचं ठरलं होतं. पहाटे उठलो ते गाडीत बसलो. वर ढग होते की तारे, कोणी मान वर करून बघितलं नाही.

घरी आल्यावर सुहासनं वीट काढली, बोळा काढला आणि कचऱ्यात टाकला. मांजराच्या फोटोचे कागद छापून गल्लीच्या खांबांना लावले. प्रणालीनं फोनवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवलं. रेवानं यातलं काही केलं नाही. तिनं ती सगळी पुस्तकं गोळा करून वाचनालयाच्या पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली. मग आईला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी प्रणालीला विचारलं, काय म्हणतेय.

प्रणाली म्हणाली, "ती म्हणतेय, शोधू नका. बिस्किट म्हातारी झाली होती, ती आता योकाई झाली. खिंडीत गेली."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी ऐकून घेतल्या, पण ही मला ऐकवेना. पोरीनं आरडाओरडा केला असता, मला चार शब्द बोलली असती, तर मी समजलो असतो. तिनं मनातल्या मनात मांजर मारून टाकली होती आणि तिला देव करून मोकळी झाली होती. का, तर आजोबांना दोष द्यायला नको म्हणून. एवढ्याशा जिवाला माझ्यासाठी एवढं करायला लागावं, हे मला सहन होईना. मी तिला म्हटलं, रेवा, जोवर डोळ्यांनी बघत नाही तोवर जनावर मेलं म्हणायचं नाही. ती उठून तिच्या खोलीत गेली.

सुट्टी संपली. सुहास कामावर, रेवा शाळेत, प्रणाली दार लावून मीटिंगमध्ये. सुहासनं बजावलं होतं, अण्णा, एकटे बाहेर पडू नका, सगळे रस्ते सारखे दिसतात, चुकाल. मी कानटोपी घातली. मांजराच्या फोटोचे कागद सगळे खांबांवर लागले होते, आणखी मागायला जीभ रेटेना. पिशवीतलं वरचं पुस्तक घेतलं. त्याच्या मुखपृष्ठावर ती चहावाली कबरी मांजर होती, ठिपके जवळजवळ तसेच. टेकडी डाव्या हाताला ठेवायची, येताना उजव्या. वाट चुकायचा प्रश्नच नव्हता.

दारोदार गेलो. दार उघडलं की पुस्तक पुढं धरायचं आणि हात जोडायचे. काही ठिकाणी पुस्तक विकायला आलाय असं वाटून दार बंद झालं. एका घरात सामोआची एक भली थोरली आजी होती. तिनं चित्र बघितलं आणि पोट धरून हसली. मी हसलो नाही तशी थांबली, माझा हात हातात घेतला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि केळ्याच्या केकचा तुकडा हातावर ठेवला. प्रार्थना कोणत्या देवाची होती ते माहीत नाही, मी पण डोळे मिटले.

कोपऱ्यावर डेअरी आहे. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, किराण्याचं लहान दुकान. मालक गुजराती, त्याला हिंदी येतं. त्यानं मुखपृष्ठ बघितलं आणि म्हणाला, "काका, ये तो चाय बनाती है. ऐसी मिल गई तो पहले मुझे देना, दुकान पे बिठाऊंगा." मी म्हटलं, भाऊ, चेष्टा नंतर कर, माझी नात दोन घास धड खात नाहीये. तो लगेच गंभीर झाला. म्हणाला, शाळेच्या मागच्या रस्त्याला एक चिनी म्हातारा आहे, पुढच्या अंगणात भाजी लावलेली, आसपासची सगळी मांजरं त्याच्याकडं जातात, माशाची डोकी घालतो त्यांना. त्यानं मला हातानं वळणं दाखवली.

ते घर लांबूनच ओळखू आलं. सगळ्या गल्लीत गवत, आणि याच्याकडं वाफे. कोबी, लसूण, वर पाखरांसाठी जाळी. म्हातारा माझ्याच वयाचा, खुरपं घेऊन बसलेला. मी फाटकाशी उभा राहिलो आणि पुस्तक वर केलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं. त्यानं चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत चित्राकडं. चहाच्या किटलीवर बोट ठेवून मान हलवली, म्हणजे हे नाही. मग मांजराच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि मला हातानं खूण केली, ये.

मागं पत्र्याची एक शेड होती. आत खताच्या रिकाम्या पोत्यांवर बिस्किट बसली होती. अंग कोरडं, एक कान जरा ओरबाडलेला. तिनं मला बघितलं आणि तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसली.

मी तिथंच एका बादलीवर बसलो. म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं आतून काचेच्या ग्लासातून गरम पाणी आणून दिलं. नुसतं पाणी, चहा नाही, काही नाही. आयुष्यात त्यापेक्षा गोड काही प्यालो नाही, आणि हे गुळव्या सांगतोय. मी त्याला हातानं सगळं सांगितलं. दार, बोळा, वीट, पाऊस. वीट लावल्याची खूण केली तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. मग स्वतःच्या अंगणातलं एक जुनं नळकांडं दाखवलं, त्याच्याही तोंडाला चिंध्या कोंबल्या होत्या. आम्ही दोघं पुष्कळ वेळ हसलो.

मांजर उचलायची कशी हा प्रश्न होता. मी जन्मात मांजराला हात लावलेला नव्हता, आणि तिला माझा हात नको होता. म्हाताऱ्यानंच तिला अलगद धरून कोबीच्या खोक्यात ठेवलं, वर भोकं पाडली, दोरी बांधली. खोकं छातीशी धरून मी निघालो. रस्ताभर ती ओरडत होती. मी तिला म्हटलं, ओरड, तुझा हक्क आहे.

घराच्या फाटकात प्रणाली उभी, चेहरा पांढराफटक. तिनं सुहासला बोलावून घेतलं होतं, तोही गाडी लावत होता. प्रणाली म्हणाली, "अण्णा, आधी मांजर गेली, मग तुम्ही. मी पोलिसांना काय सांगणार होते, चित्रांचं पुस्तक घेऊन हरवलेत म्हणून?" सुहासनं तोंड उघडलं तेवढ्यात खोक्यातून आवाज आला. त्याचं बोलणं तोंडातच राहिलं. तो माझा मुलगा, मोठा इंजिनिअर, रस्त्यात खाली बसला आणि खोक्याला कान लावला.

शाळा सुटायच्या वेळेला मी म्हटलं, मी घेऊन जाणार. दोघांनी समजावलं, मांजर घरी राहू दे, पोर येईलच. मी ऐकलं नाही. शाळेच्या फाटकाशी खोकं घेऊन उभा राहिलो. पोरांचे आईबाप बघत होते. रेवा मैत्रिणींबरोबर आली, मला बघून थांबली. खोकं बघितलं. हळूहळू जवळ आली. मी नुसती दोरी सोडली.

तिनं आत हात घातला, पण मांजराला कुरवाळलं नाही. आधी तिचा एक पुढचा पाय धरून वर केला आणि तळवा बघितला. मग दुसरा.

"आजोबा," ती म्हणाली, "चिखल आहे."

"असणारच. कोबीच्या वाफ्यातून आलीय."

"योकाईचे पाय कधी घाण होत नाहीत," ती म्हणाली, आणि मग जे रडायला लागली ते घरापर्यंत थांबली नाही. मधेच मला बोलत होती. तुम्ही का केलं, तुम्ही का विचारलं नाही, ते तिचं दार होतं. मराठीत बोलत होती, इंग्रजीत बोलत होती. मी खोकं सांभाळत ऐकत होतो. चार दिवस छातीवर बसलेला दगड त्या पोरीच्या एकेका शब्दानं उतरत होता. ती बोलून दमली तेव्हा मी म्हटलं, चुकलं माझं. मी हे वाक्य फार वेळा म्हणत नाही. सुहासला सांगू नकोस, असंही म्हटलं.

पुढच्या रविवारी उरलेली गुळाची अर्धी ढेप घेऊन आम्ही चौघं त्या चिनी म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं एक खडा फोडला, हुंगला, गरम पाण्यात टाकला आणि ढवळून प्याला. मग ग्लास माझ्यापुढं धरला. घरी येताना कोबीचे गड्डे आमच्या हातात होते.

बिस्किटनं त्या आठवड्यात मला जवळ येऊ दिलं नाही. मग एका सकाळी जाग आली तर ती माझ्या पांघरुणावर, पायांशी गोळा होऊन झोपलेली. मी हललो नाही. पाय बधिर झाले तरी हललो नाही. रेवा दारात येऊन बघत होती. म्हणाली, बघा, तिनं फरगिव्ह केलं. मी म्हटलं, तसलं काही नाही. हीटर बंद आहे आणि घरात सगळ्यांत जाड गोधडी माझी आहे. रेवा म्हणाली, पुस्तकात तसंच असतं, ती रागावत नाहीत. मी म्हटलं, पुस्तकातली चहा करते, ही करते का. त्यावरून आमचं जेवायच्या वेळेपर्यंत चाललं.

मग निघायचा दिवस आला. विमानतळावर सगळ्यांनी डोळे पुसले, मी पुसले नाहीत. विमान उठलं तेव्हा खाली हिरव्या टेकड्या दिसत होत्या, आणि मला एकच वाटत होतं, की या मुलखातून जाताना माझ्या मागं कोणाचं काही हरवलेलं नाही. लांबच्या प्रवासाहून परतणाऱ्या माणसाला याहून मोठं काय लागतं, मला माहीत नाही.

आता दर रविवारी फोन येतो. सुहास आणि प्रणाली तब्येत विचारतात, मग फोन रेवाकडं जातो. ती आधी फोन खाली धरून मला बिस्किट दाखवते. हल्ली मांजर माझ्या रिकाम्या पलंगावर झोपते म्हणे. रेवा म्हणते, तिला तुमची आठवण येते. मी म्हणतो, पलंगावर ऊन येतं. रेवा चिडते, मी मागं हटत नाही, सुहास मधेच म्हणतो की पुरे करा दोघं. आम्ही पुरे करत नाही. माझं म्हणणं खरं आहे याची मला खात्री आहे. पण तिनं ते कबूल करावं अशी मला घाई नाही. रविवारी भांडायला पलीकडं नात आहे आणि ज्यावरून भांडायचं ती मांजरही आहे. मला तेवढं पुरतं.